मोजण्याआधीचा विचार

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





संस्थेचे निमंत्रण घेऊन सेक्रेटरी साहेब घरी आले तेव्हा म्हणाले, "मुलांना काही मार्गदर्शनपर सांगा." मार्गदर्शन करण्याइतका माझा अधिकार नाही. तेव्हा उपदेश बाजूला ठेवून माझ्या रोजच्या कामातली एकच गोष्ट आपणांपुढे मांडावी असे मी ठरवले. माझे काम क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकाच्या आतील अणूंची मांडणी शोधण्याचे आहे. त्या कामातही आज मी एकाच पायरीविषयी बोलणार आहे : मोजणी सुरू करण्यापूर्वी ती कशी करायची हे ठरवणे. विषय रुक्ष वाटेल. परंतु वाळूजमध्ये ज्या घरातले कोणी ना कोणी मशीनवर उभे राहते, त्या घराला तो परका वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे.

स्फटिक आणि क्ष-किरण

तुरटीचा खडा, खडीसाखर, जाड मीठ हे सारे स्फटिक होत. तुरटीचे दाट द्रावण करून त्यात दोरा सोडून ठेवला तर काही दिवसांत दोऱ्यावर सुबक कोनांचे खडे धरतात. हा सुबकपणा आतून येतो. ईदच्या नमाजाला ईदगाहवर सफा लागतात, तेव्हा माणसामागे माणूस आणि ओळीमागे ओळ ठराविक अंतरावर उभी असते. स्फटिकात रेणू असेच उभे असतात. फरक एवढाच की त्यांच्या ओळी लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांना लागलेल्या असतात.

हे रेणू साध्या प्रकाशाने दिसत नाहीत. दोन अणूंमधील अंतर एक ते दोन अँगस्ट्रॉम असते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या लाटा चार ते सात हजार अँगस्ट्रॉम लांबीच्या असतात. एवढ्या लांब लाटेला अणू सापडणार कसा? त्यासाठी लाटही तितकीच आखूड हवी, आणि क्ष-किरणांची लाट नेमकी तशी असते.

राँटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले. १९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाऊ यांच्या सूचनेवरून फ्रीडरिख आणि क्निपिंग या दोघांनी एका स्फटिकावर हे किरण सोडले आणि मागे ठेवलेल्या फोटोच्या काचेवर ठिपके उमटले. तो स्फटिक होता मोरचुदाचा. आपल्याकडे द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण करताना वापरतात तोच निळा मोरचूद. पुढच्याच वर्षी ब्रॅग पिता-पुत्रांनी अशाच ठिपक्यांवरून साध्या मिठातील अणूंची मांडणी सांगितली. शंभराहून अधिक वर्षे आमचे शास्त्र त्याच ठिपक्यांवर चालले आहे. ठिपक्यांच्या जागांवरून ओळींमधील अंतर कळते आणि ठिपक्यांच्या कमी-अधिक तेजावरून रेणूतील अणू कोठे आहेत याचे गणित मांडता येते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. एक ठिपका म्हणजे एक अणू नव्हे. प्रत्येक ठिपक्याच्या तेजात रेणूतील प्रत्येक अणूचा वाटा असतो. म्हणून काही ठिपके मोजायचे राहिले तर चित्राचा एखादा कोपरा कोरा राहतो असे होत नाही, तर सबंध चित्रच थोडे थोडे बिघडते. पुढे मी जे सांगणार आहे त्याचे मूळ या गोष्टीत आहे.

याचा उपयोग काय?

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. पेनिसिलीनचे औषध हाती आले तरी त्याचा रेणू कसा आहे यावर रसायनशास्त्रज्ञांत मतभेद होते. १९४५ साली डोरोथी हॉजकिन या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याचा निकाल लावला. त्यांनी पेनिसिलीनचे सोडियम, पोटॅशियम आणि रुबिडियम असे तीन क्षार मोजायला घेतले. तिन्हींत पेनिसिलीन तेच, धातू मात्र कमी-अधिक जड. त्या फरकाच्या आधाराने उत्तर निघाले. काय मोजावे हा विचारच तेथे निम्मे काम करून गेला. याच बाईंनी इन्सुलिनच्या स्फटिकाचे पहिले क्ष-किरण चित्र १९३५ च्या सुमारास घेतले आणि त्याची रचना १९६९ साली पूर्ण केली. त्या चमूत एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञही होते. आज घरोघरी 'शुगर'चे रुग्ण आहेत. त्यांच्या इन्सुलिनमागे चौतीस वर्षांचा हा सब्र आहे.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झाले आहे. पेनिसिलीनचा रेणू कापून त्यापासून नवी प्रतिजैविके बनवण्यासाठी उपयोगी पडणारे 'पेनिसिलीन व्ही अ‍ॅसिलेज' नावाचे प्रथिन आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सी. जी. सुरेश आणि इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठातील संशोधक यांनी त्याची रचना १९९९ साली प्रसिद्ध केली. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एम. व्ही. होसूर आणि सहकाऱ्यांनी एड्सच्या विषाणूतील एका महत्त्वाच्या प्रथिनाची रचना १.९ अँगस्ट्रॉमपर्यंत पाहिली. ती २००१ साली प्रसिद्ध झाली. एखादे औषध प्रथिनाच्या कोणत्या खाचेत बसते हे दिसले, की ते अधिक चांगले कसे करावे याला दिशा मिळते. औषधांचे कारखाने असलेल्या वाळूजकरांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

हाताने करायचे शेवटचे काम

आता मूळ विषयाकडे वळू. प्रथिनाचा स्फटिक मिळवणे फार कष्टाचे असते. आधी प्रथिन तयार करून शुद्ध करायचे, मग शेकडो निरनिराळ्या द्रावणांत थेंब थेंब ठेवून वाट पाहायची. महिन्यांनी एखाद्या थेंबात मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा स्फटिक दिसतो. तो नायलॉनच्या बारीक फासात उचलून द्रव नायट्रोजनात गोठवतात. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनची जी भांडी असतात, तशाच प्रकारच्या भांड्यातून हे स्फटिक प्रवास करतात.

त्यांना नेतात कोठे? काही मोजणी प्रयोगशाळेतल्या यंत्रावर होते. प्रखर किरण हवे असतील तर सिंक्रोट्रॉन लागतो. आपल्याला जवळचा सिंक्रोट्रॉन इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील 'इंडस-२' होय. सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि वळणावर क्ष-किरण सोडतात. तेथे प्रथिनांच्या स्फटिकांसाठी भाभा केंद्राने एक स्वतंत्र किरणरेषा उभारली आहे. होळकरांचे इंदूर मराठी माणसाला परके नाही. कन्नडचा घाट उतरून धुळे-सेंधव्यामार्गे एका रात्रीचा प्रवास आहे.

तेथे स्फटिक यंत्रावर बसवतात. उणे १७३ अंश तापमानाचा नायट्रोजन वायू त्यावर सतत सोडलेला असतो. किरण सुरू करून स्फटिक अगदी थोडा फिरवतात आणि एक चित्र घेतात. पुन्हा थोडा फिरवतात, पुन्हा एक चित्र. अशी शेकडो चित्रे होतात. त्यानंतरचे सारे काम संगणकावरचे असते. गणित चुकले तर दहा वेळा पुन्हा करता येते. परंतु जे मोजलेच नाही ते कोणताही संगणक परत आणू शकत नाही, आणि ज्या स्फटिकावर किरण पडले तो पहिल्यासारखा राहत नाही. हाताने करायचे हे शेवटचे काम असल्यामुळे बटण दाबण्याआधीचा अर्धा तास पुढच्या सहा महिन्यांचे भवितव्य ठरवतो.

काय काय ठरवायचे?

पहिला प्रश्न हेतूचा. ही मोजणी कशासाठी? हेतू बदलला की पद्धत बदलते. त्याचे चार मुख्य प्रकार सांगते.

एक, रेणू आधी माहीत असलेल्या एखाद्या रेणूसारखा असेल तर त्या जुन्या नमुन्याच्या आधाराने उत्तर निघते. अशा वेळी ठळक, तेजस्वी ठिपके एकही न गळता हवेत. दोन, रेणू सर्वस्वी नवा असेल तर त्यात सेलेनियमसारखा अणू घालून किरणांची लाट त्या अणूला अनुरूप, म्हणजे सुमारे ०.९७९ अँगस्ट्रॉम, ठेवतात. त्यामुळे जोडीच्या ठिपक्यांच्या तेजात थोडासा फरक पडतो. तो बहुधा काही टक्केच असतो. एवढा लहान फरक पकडायचा तर सौम्य किरणांत तोच ठिपका पुनः पुन्हा मोजावा लागतो. तीन, अणूंच्या जागा अगदी बारकाईने हव्या असतील तर कडेचे दुबळे ठिपके मोजण्यासाठी किरणांचा खर्च वाढवावा लागतो. चार, औषध खाचेत बसले की नाही एवढेच पाहायचे असेल तर मध्यम बारकावा पुरतो. मात्र मोजणी पूर्ण हवी आणि अनेक स्फटिक झटपट पाहता यायला हवेत.

दुसरा प्रश्न सममितीचा. स्फटिकातील मांडणी जितकी अधिक सममित, तितके एकाच तेजाचे ठिपके अनेक ठिकाणी पुन्हा येतात आणि तितके कमी फिरवून भागते. ज्या स्फटिकात सममिती सर्वांत कमी तो सुमारे १८० अंश फिरवावा लागतो. एकनताक्ष जातीचा स्फटिक कोणत्या अक्षाभोवती फिरतो आहे त्याप्रमाणे ९० किंवा १८० अंश लागतात. तिन्ही अक्ष परस्परांना काटकोनात, पण लांबीने असमान असलेल्या जातीला ९० अंश पुरतात आणि घनाकृती जातीला त्याहूनही कमी. शिवाय सुरुवात कोणत्या कोनापासून करायची हेही ठरवावे लागते. चुकीच्या जागी सुरुवात केली तर तेच ते ठिपके पुन्हा मोजले जातात आणि हवे ते बाहेर राहतात.

हे कळावे म्हणून आधी परीक्षेसाठी चित्रे घेतात. एक घेतले की स्फटिक ९० अंश फिरवून दुसरे घ्यायचे. संगणक त्यांवरून जात कोणती, ओळींमधील अंतरे किती, किती अंशांपासून सुरुवात करावी, हे सुचवतो. जातीविषयी शंका असेल तर कमी सममिती गृहीत धरून अधिक फिरवणे शहाणपणाचे.

तिसरा प्रश्न अंतराचा. ठिपके टिपणारा डिटेक्टर जवळ आणला तर बारीक तपशिलाचे, म्हणजे कडेचे, ठिपके सापडतात. दूर नेला तर ठिपके एकमेकांपासून सुटे होतात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावे असे एक उदाहरण देते. किरणांची लांबी १ अँगस्ट्रॉम, हवा असलेला बारकावा २ अँगस्ट्रॉम आणि डिटेक्टर २२५ मिलिमीटर रुंद. ब्रॅगच्या नियमाने कडेचा किरण सुमारे २९ अंशांनी वळतो. मग त्रिकोणमितीने अंतर सुमारे २०० मिलिमीटर निघते. तुमच्या पुस्तकातला 'टॅन थीटा' असा कामाला येतो.

चौथा प्रश्न, एका चित्रासाठी स्फटिक किती फिरवायचा? जास्त फिरवला तर ठिपक्यांवर ठिपके चढतात. मांडणीची लांबी १०० अँगस्ट्रॉम आणि बारकावा २ अँगस्ट्रॉम असेल, व स्फटिकातील ओळी ०.३ अंशापर्यंत वाकड्या असतील, तर एका चित्राला ०.८५ अंशापलीकडे जाता येत नाही. लांबी २०० झाली की ही मर्यादा पाव अंशाच्या आसपास येते.

पाचवा आणि सर्वांत अवघड प्रश्न, किरण किती द्यायचे? किरणांमुळेच ठिपके दिसतात आणि किरणांमुळेच स्फटिक खराब होतो. शोषलेल्या किरणांचे माप ग्रे या एककात सांगतात. संपूर्ण शरीरावर सुमारे ५ ग्रे पडले तर माणसाच्या जिवावर बेतते. गोठवलेला प्रथिनाचा स्फटिक सुमारे ३ कोटी ग्रेपर्यंत तग धरतो, असे २००६ साली ऑक्सफर्डच्या एल्स्पेथ गार्मन आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवले. आकडा मोठा वाटतो, पण प्रखर सिंक्रोट्रॉनवर तो काही मिनिटांत आणि कधी कधी सेकंदांतही संपू शकतो. ठिपके पुसट होण्याच्या आधीच आत मोडतोड सुरू झालेली असते. गंधकाच्या दोन अणूंना जोडणारे बंध प्रथम तुटतात, काही आम्लगट गळून जातात. अशा वेळी किरणांनी केलेला बिघाड हाच प्रथिनाचा स्वभाव समजण्याची चूक होऊ शकते. औषधाच्या शोधात ही चूक किती महाग पडेल याचा आपणच विचार करावा.

म्हणून स्फटिकाची सोसण्याची ताकद ही महिन्याच्या पगारासारखी समजावी. सारा पगार पहिल्या आठवड्यात उडवला तर उरलेले तीन आठवडे कसे जायचे? आधी एकूण किती अंश फिरवायचे ते ठरवावे, मग तेवढ्या चित्रांत किरण वाटून द्यावेत. पहिले चित्र झगझगीत आले नाही तरी चालेल, शेवटच्या चित्रापर्यंत स्फटिक पुरला पाहिजे.

पाहा, या साऱ्या गोष्टी एकमेकींशी भांडतात. बारकावा वाढवावा तर किरण जास्त लागतात. किरण वाढवले तर मोजणी पूर्ण होण्याआधी स्फटिक संपतो. पुनः पुन्हा मोजावे तर प्रत्येक वेळी किरण कमी द्यावे लागतात. सर्वच गोष्टी सर्वोत्तम मिळतील अशी मोजणी नसते. हेतूला जे अत्यावश्यक ते आधी आणि पूर्ण मिळवावे, बाकीचे त्यानंतर. बहुतेक वेळा १.८ अँगस्ट्रॉमच्या अर्धवट मोजणीपेक्षा २.२ अँगस्ट्रॉमची पूर्ण मोजणी अधिक खरे सांगते.

माझी चूक

हे सारे मी पुस्तकातून शिकले होते; पण ते अंगी बाणले एका चुकीमुळे. ती आज येथे सांगते.

संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी मी काही स्फटिक घेऊन एका किरणकेंद्रावर गेले होते. आमच्या वाट्याला एक रात्र होती. प्रवासात बरेच स्फटिक तडकले होते. एकच खरा चांगला निघाला. पहाट होत आली होती, सकाळी आठला दुसरी मंडळी येणार होती. मी घाईने परीक्षेचे एकच चित्र घेतले. तिन्ही कोन ९० अंशांजवळ दिसले. मी मनाशी म्हटले, जात काटकोनी आहे, ९० अंश पुरेत. ९० अंशांत मोजायचे म्हणून प्रत्येक चित्राला किरणही सढळ दिले. चित्रे सुंदर आली. मोजणी संपताच दुसरा स्फटिक लावण्यासाठी तो उतरवला. उतरवताना नायट्रोजनात न्यायला क्षणभर उशीर झाला आणि तो वितळला.

दुपारी हिशेब मांडला तेव्हा कळले की जात काटकोनी नव्हतीच. एक कोन योगायोगाने ९० च्या अगदी जवळ होता, इतकेच. खरी जात कमी सममितीची होती आणि ज्या अक्षाभोवती मी स्फटिक फिरवला त्याला १८० अंश हवे होते. हाती आली ती जवळजवळ निम्मी मोजणी. त्या निम्म्या ठिपक्यांवरून केलेले चित्र असे ओढल्यासारखे दिसे की खाचेत औषध आहे की पाणी हे सांगता येईना. तसा दुसरा स्फटिक तयार व्हायला सात महिने लागले.

मी घरी फोन केला. माझे वालिद वाळूज एमआयडीसीत लेथवर काम करीत. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना येथे आला आणि त्यामागोमाग सुटे भाग करणारी अनेक वर्कशॉपे निघाली, त्यांपैकी एकीत. सममिती, अक्ष यांतले त्यांना काही समजणार नाही असे मला वाटत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बेटा, पहिला पीस पास करून घेतला नव्हतास का?"

आपणांपैकी जे कारखान्यात आहेत त्यांना याचा अर्थ सांगायला नको. सेटिंग झाल्यावर पहिला जॉब काढायचा, तो व्हर्नियरने, गेजने सर्व बाजूंनी मोजायचा, इन्स्पेक्टरची सही घ्यायची आणि मगच लॉट चालवायचा. घाई कितीही असो, पहिला पीस पास झाल्याशिवाय मशीन चालू करायचे नाही. दुसरे चित्र ९० अंश फिरवून घेणे म्हणजे आमच्या कामातला पहिला पीस दुसऱ्या बाजूनेही मोजणे होय. मी तो एकाच बाजूने पाहिला होता. ज्या शिस्तीवर आमचे घर चालले ती मी शिकून-सवरून विसरले होते.

आज काय बदलले?

तेव्हापासून साधने पुष्कळ सुधारली. क्ष-किरणांचे कण एकेक करून मोजणारे नवे डिटेक्टर आले. ते ठळक आणि दुबळे ठिपके एकाच फेरीत टिपतात, त्यामुळे सौम्य किरणांत, अंशाच्या दहाव्या भागाच्या पावलांनी, सबंध ३६० अंश मोजणे शक्य झाले आहे. स्फटिक किती किरण सोसेल याचा अंदाज बांधून योजना सुचवणाऱ्या संगणकीय प्रणाली आहेत. २०१२ साली कार्प्लस आणि डीडरिख्स या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, आकडे देखणे दिसावेत म्हणून आम्ही जे दुबळे ठिपके फेकून देत होतो, त्यांतही उपयोगी माहिती असते. आकडा देखणा दिसणे आणि माहिती खरी असणे यांत फरक आहे. गुणपत्रिकेकडे पाहतानाही तो विसरू नये.

काहीजण विचारतील, आता अल्फाफोल्डसारखी संगणक प्रणाली प्रथिनाचा आकार आपोआप सांगते आणि त्या कामाला २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेलही मिळाले, मग मोजायचे कशाला? प्रश्न योग्य आहे. अशा अंदाजाचा आम्हाला मोठा उपयोग होतो. वर सांगितलेला पहिला प्रकार त्यामुळे फार सोपा झाला. परंतु ती प्रणाली शिकली ती मोजून ठेवलेल्या रचनांवरूनच. १९७१ साली सात रचनांनी सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेत आज दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि त्या कोणालाही विनामूल्य पाहता येतात. शिवाय अमुक औषध अमुक खाचेत खरोखर कसे बसले, याची खात्री मोजल्यावाचून होत नाही.

आणि हे सारे दूरच्या प्रयोगशाळांपुरतेच नाही. औषध कारखान्याच्या तपासणी विभागात औषधाच्या भुकटीवर क्ष-किरण टाकून तिची स्फटिक-जात पाहतात, कारण एकच औषध दोन निरनिराळ्या मांडणींत स्फटिक धरू शकते आणि दोन्ही सारख्या वेगाने विरघळत नाहीत. रिटोनाविर या एड्सवरील औषधात १९९८ साली कमी विरघळणारी नवी जात उपटली आणि त्याच्या कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. ही तपासणी करणाऱ्याला आमच्यासारखेच प्रश्न पडतात : किती अंशांपासून किती अंशांपर्यंत मोजावे, प्रत्येक पावलावर किती वेळ थांबावे, भुकटी दाबताना कण एकाच दिशेला तर झोपले नाहीत ना, फार घोटल्याने जातच तर बदलली नाही ना? वाळूजच्या मुला-मुलींना घराजवळ मिळू शकणारे हे काम आहे. त्यासाठी बी.एस्सी.ला भौतिक किंवा रसायनशास्त्र, आणि त्याबरोबर गणिताची भीती नसणे, एवढे पुरे.

अमानत

समारोप करते. अकराव्या शतकात अल-बिरूनी यांनी रत्ने आणि धातू यांची घनता मोजली. पाण्याने काठोकाठ भरलेल्या खास बनवलेल्या भांड्यात रत्न सोडून बाहेर आलेल्या पाण्याचे वजन ते करीत. रत्न न फोडता, न घासता ते खरे की खोटे हे त्यावरून सांगता येई. ज्याचे रत्न त्याला ते जसेच्या तसे परत मिळाले पाहिजे, हा विचार त्या पद्धतीत आपोआप सांभाळला गेला. आमच्या हाती येणारा स्फटिकही अमानतच असतो. त्यामागे कोणाचे तरी महिन्यांचे कष्ट असतात, यंत्रामागे जनतेचा पैसा असतो. आम्ही तो जसाच्या तसा परत देऊ शकत नाही, म्हणून त्याच्याकडून खरे उत्तर घेण्याची जबाबदारी दुप्पट होते.

पालकहो, आपली मुलेही आपल्याकडे अमानत आहेत. दहावीच्या एका निकालावरून, एका बाजूने घेतलेल्या एका चित्रावरून, हा कामाचा नाही, हिला पुढे शिकवून काय उपयोग, असे ठरवू नका. दुसऱ्या बाजूनेही पाहा. माझ्या निम्म्या मोजणीच्या वर्षी घरात पैशाची ओढ होती आणि लग्नाचे प्रस्तावही येत होते. आता पुरे झाले असे घरी कोणी म्हटले असते तर ते चूक ठरले नसते. अब्बांनी तसे म्हटले नाही. "दुसरा पीस नीट काढ," एवढेच म्हणाले. सात महिन्यांनी स्फटिक आला. त्याची दोन चित्रे घेतली, १८० अंश पूर्ण मोजले, आणि खाचेत औषध स्पष्ट दिसले.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कोणतेही क्षेत्र निवडा. हात घालण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. मला नेमके काय जाणून घ्यायचे आहे? त्यासाठी कमीत कमी काय पूर्ण मिळाले पाहिजे? आणि हाती असलेली वस्तू किती सोसेल? या तीन प्रश्नांना दिलेला वेळ वाया जात नाही.